माणसं उतरवली, गोण्या जाऊ दिल्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी दादी १९८५ साली गेली. तिच्याकडे गोष्टींचा साठा मोठा होता, पण राजा-राणीच्या गोष्टी तिला फारशा जमायच्या नाहीत. घरातल्या माणसांच्या गोष्टी मात्र ती रंगवून सांगायची. त्यातली एक तिच्या वडिलांची. ते तरुणपणी मुंबईच्या गिरणीत कामाला होते. गाठीच्या तापाची साथ आली, चाळीत माणसं मरायला लागली, तसे ते बायको आणि दोन ट्रंका घेऊन सोलापूरच्या गाडीत बसले. वाटेत एका स्टेशनावर गाडी थांबवली. कुठलं स्टेशन ते दादीला सांगता यायचं नाही. सगळ्यांना खाली उतरवलं, फलाटावर रांगेत उभं केलं. डॉक्टरनं पुरुषांचे सदरे वर करून बगला चाचपल्या, जांघा चाचपल्या. बायकांसाठी दोन बायकांनी एक चादर आडवी धरली होती, एवढाच काय तो पडदा. ट्रंकेतले कपडे कसल्याशा पाण्यात बुडवून परत दिले, त्यात दादीच्या आईच्या निकाहच्या ओढणीचा रंग गेला. दोघांना अंगात कणकण होती म्हणून दहा दिवस छपराखाली ठेवलं. आणि त्यांची गाडी डोळ्यांसमोर निघून गेली. तिला मागं मालाचे डबे होते, त्यात धान्याची पोती भरलेली. दादी इथं थांबायची आणि म्हणायची, "आदम्यां को उतारे, बोरे जान दिये."

लहानपणी मला हे वाक्य गमतीचं वाटायचं. त्यात काही शहाणपण आहे असं दादीलाही वाटत नसावं. तिच्या वडिलांची खंत साधी होती. पोत्यांना तिकीट नसून ती सोलापूरला पोचली आणि तिकीट काढलेली माणसं छपराखाली राहिली. पुढं बी.ए.ला इतिहास घेतला, वाचनाची चटक लागली, आणि प्लेगबद्दल वाचता वाचता एका पानावर मी थबकलो. त्या गाडीत प्लेग असलाच तर तो पोत्यांतून गेला असण्याचा संभव अधिक होता.

हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाची पहिली निश्चित ओळख पटवली. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. वखारी म्हणजे उंदीर, आणि ते उंदीर आधी मरत होते, मग माणसं. पण सरकारच्या डोळ्यांसमोर आली ती घाण, दाटी आणि गरीब माणूस. गल्ल्या धुतल्या, गटारांत औषधं ओतली, घरांना चुना मारला, आजाऱ्याला उचलून इस्पितळात न्यायला सुरुवात केली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, कारण आत नेलेलं माणूस परत येत नाही असा समज पसरला होता. लोक शहर सोडून पळू लागले. साडेआठ लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं बाहेर पडली, असं त्या काळच्या नोंदी सांगतात. बोटीनं, बैलगाडीनं, पायी, आणि मुख्य म्हणजे रेल्वेनं.

रेल्वे सोलापूरला पोचली होती १८६० मध्येच. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची सूतगिरणी निघाली, तिला आम्ही अजूनही जुनी मिल म्हणतो, गिरणी नसली तरी. मुंबई आणि सोलापूर यांच्यात माणसांची, कापसाची, सुताची आणि धान्याची सतत ये-जा होती. एका जागचं दुखणं दुसऱ्या जागी पोचायला बैलगाडीच्या काळात आठवडे लागायचे. आगगाडीनं ते एका रात्रीवर आणलं. वाहतूक आणि साथ ही जुळी भावंडं, हे त्या वर्षी हिंदुस्थान सरकारला कळून चुकलं.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी एक कायदा झाला. साथीच्या रोगांचा कायदा, त्या वर्षीचा तिसरा. चार कलमांचा, पोस्टकार्डावर मावेल असा. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील, रेल्वेनं वा अन्य मार्गानं प्रवास करणाऱ्यांची तपासणी करता येईल, संशयिताला वेगळं ठेवता येईल, न ऐकणाऱ्याला शिक्षा करता येईल. आणि शेवटचं कलम असं की, सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कुणाला दावा लावता येणार नाही. दादीच्या वडिलांचा सदरा वर करणारा हात या कायद्याचा होता. कल्याणला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची तपासणी चाले, आणखीही ठिकाणी चाले. त्या कायद्यात धोका कुठून येतो याविषयी एक शब्द नाही. तो कुणाला अडवायचं तेवढंच सांगतो.

याचं कारण सरकार मूर्ख होतं असं नाही. येर्सिन या शास्त्रज्ञानं १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता. जंतू ठाऊक होता, त्याचा रस्ता ठाऊक नव्हता. तो रस्ता पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवला: मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू दुसऱ्या उंदराला चावते, माणसाला चावते, आणि रोग पुढं जातो. हे सांगितलं तेव्हा तज्ज्ञांनी त्याला उडवून लावलं. पुढं लिस्टन नावाच्या डॉक्टरनं मुंबईतल्या प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा गोळा केल्या, १९०५ नंतरच्या आयोगानं पुन्हा कसून प्रयोग केले, आणि मग कुठं ही गोष्ट सर्वमान्य झाली. म्हणजे तब्बल दहा वर्षं लोकांच्या बगला तपासल्या गेल्या आणि उंदीर, पिसवा घेऊन पोती गावोगाव गेली. गाठीच्या प्लेगचा माणूस शेजारच्या माणसाला सहसा रोग देत नाही. फुप्फुसाचा प्लेग देतो, पण आपल्याकडच्या साथीचा मोठा भाग गाठीच्या प्लेगचाच होता.

आता याच्या दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. समजा, १८९७ साली कुणाला हे ठाऊक असतं, तर पोती अडवली असती का? ते वर्ष दुष्काळाचं होतं. सोलापूर, विजापूर, अहमदनगर हे जिल्हे होरपळले होते. बाहेरून धान्य येत होतं ते याच रुळांवरून. पोतं अडवावं तर उपासमार, सोडावं तर प्लेग. धोक्याचा हिशेब करणं म्हणतात ते हेच. तो हिशेब कागदावर कुणी मांडलाच नाही, हा माझा आक्षेप. मांडून मग सोडलं असतं तर निदान पोतं उतरतं त्या वखारीत मांजर तरी पाळता आलं असतं.

आणि ज्यांना अडाणी म्हटलं त्या लोकांचा स्वतःचा हिशेब होता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एक शब्दप्रयोग होता: उंदीर पडले. घरात उंदीर पडले की सामान आवरायचं, गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. देवाला नारळ, दर्ग्यावर चादर हे चालू असायचंच, पण पाय मात्र माळाकडे. पुढं पुढं सरकारनंही कबूल केलं की वस्ती रिकामी करण्याइतका गुणकारी दुसरा उपाय नाही. १९०१ च्या शिरगणतीत सोलापूर शहराची वस्ती ७५,२८८ होती. १९११ साली ती एकसष्ट हजारांवर उतरलेली दिसते, आणि १९२१ ला एकदम एक लाखाच्या वर जाते. मधल्या शिरगणतीत शहर का आटलं, ते उंदीर पडले या दोन शब्दांत सांगता येतं. कागदावर जी माणसं कमी पडली त्यांतली पुष्कळ माळावर होती, आणि पुष्कळ मातीखाली.

पुण्यात काय झालं ते महाराष्ट्र जाणतो. मार्च १८९७ पासून रँडच्या कमिटीनं गोरे सोजीर घराघरांत घातले, देवघरात बूट घातले, सामान रस्त्यावर काढून जाळलं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या दिवशी प्लेगची चौकशी राजद्रोहाची चौकशी झाली, त्या दिवशी सार्वजनिक आरोग्य आणि राज्याची सुरक्षितता हे दोन विषय एकाच फाइलीत गेले. ते पुढं फार वेळा वेगळे झालेले नाहीत. त्याच पुण्यात, हडपसरजवळ, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी आणण्यासाठी धावणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच गेल्या. त्यांनी धोका मोजला नसेल असं कोण म्हणेल? त्यांनी तो मोजून स्वतःकडे घेतला.

मुंबईतला एक प्रसंग पुण्याच्या गोंगाटात मागं पडतो. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासायला प्लेगचं पथक आलं. उत्तरेतून आलेले हे मोमीन जुलाहे. घरच्यांनी परपुरुषाला मुलीला हात लावू दिला नाही. गर्दी जमली, दगड आले, गोळीबार झाला, दंगल शहरभर पसरली. सरकारी भाषेत ही अडाणी जमातीची आडमुठी वागणूक. पण सरकारनंच पुढं तपासणीचे नियम सैल केले, स्त्री-डॉक्टर आणल्या, जातीजातींची स्वतःची इस्पितळं मान्य केली. म्हणजे आधी जे अशक्य होतं ते दगड पडल्यावर शक्य झालं. दगड बरोबर होता असं मी म्हणत नाही. दगडाआधी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच.

त्याच काळात हाफकिन नावाचा परदेशी शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरुण आगा खान यांनी लोकांसमोर दंड पुढं केला, तसे त्यांचे अनुयायी पुढं आले. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं दगावली, ठपका हाफकिनवर आला, आणि निर्दोष ठरायला त्याला पाच वर्षं लागली. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ साली. विश्वास या गोष्टीची लस कुठल्या प्रयोगशाळेत होत नाही, ती दंड पुढं करणाऱ्याच्या दंडातून येते. असो, कवीला असं बोलायची खोड असते.

मंडळी, आता माझ्या घरच्या विषयाकडे येतो. आमचं घर भवानी पेठेत. इथं तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, आणि आमच्यासारखे दखनी बोलून मराठीत लिहिणारे एका भिंतीला भिंत लावून राहतात. मागांचा खडखडाट आणि तंबाखूचा वास ही आमची हवा. पंढरपूर इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. त्यामुळं लहानपणी मला जगात दोन यात्रा ठाऊक होत्या, वारी आणि हज. एक शेजारणीची, एक आमची. या दोन्ही यात्रांकडे दीडशे वर्षं राज्यकर्त्यांनी एकाच नजरेनं पाहिलं, हे मला फार उशिरा कळलं.

१८६५ साली मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ झाली. आगबोटींनी ती इजिप्तला आणि तिथून युरोपला पोचवली. युरोप हादरला, १८६६ मध्ये इस्तंबूलला परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणारा यात्रेकरू हा जगाचा धोका ठरला. १८८२ पासून तांबड्या समुद्रात कामरान नावाच्या बेटावर हजच्या बोटी थांबवून यात्रेकरूंना क्वारंटाइनमध्ये ठेवत. उन्हात तळपणारी वाळू, छपरं, आणि राहण्याचं भाडं यात्रेकरूच्या खिशातून. गंमत पाहा, याच काळात, १८८६ ते १८९३, हिंदुस्थान सरकारनं हजच्या प्रवासाचं काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे दिलं होतं. धंदा, धर्म आणि धास्ती एकाच बोटीत.

प्लेग आला तसा युरोपनं व्हेनिसला परिषद बोलावली. ती फेब्रुवारी १८९७ मध्ये सुरू झाली, आणि २० फेब्रुवारीला हिंदुस्थान सरकारनं मुंबई-कराचीहून हजला जाणाऱ्या बोटी बंद केल्या. यात्रेकरूंच्या काळजीनं? थोडं तेही असेल. पण मोठी भीती अशी होती की युरोपची बंदरं हिंदुस्थानच्या मालावर बंदी घालतील. कापूस, गहू, कातडी अडकली तर नुकसान केवढं! माणसं अडवली आणि माल जाऊ दिला. दादीच्या फलाटावर घडलं तेच समुद्रावर घडलं. फरक एवढाच की समुद्रावर तो हिशेब करून केलेला सौदा होता.

पंढरपूरची कथा वेगळी नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखांचा मेळा, पिण्याचं पाणी तेच, अंघोळीचं तेच. यात्रा आणि कॉलरा हे शब्द जोडीनं यायचे. १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आगगाडी आली. तिथून लोक पायी जात. १९०६ ला बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळ थेट पंढरपूरला पोचला. गाडीनं माणसं वाढवली, माणसांनी कॉलरा वाढवला, कॉलऱ्यानं पाण्याच्या टाक्या आणि यात्राकर वाढवला. आमच्या शेजारच्या आक्का, माहेरच्या वारकरी, सांगायच्या की त्यांच्या लहानपणी दंडावर कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात शिरू देत नसत. दंड सुजायचा, ताप यायचा, आणि त्या तापातच कळसाचं दर्शन व्हायचं. आक्कांना त्या सुईचा राग नव्हता. "ज्यानं टोचलं त्यानं पाणीपण दिलं," असं त्या म्हणायच्या. या एका वाक्यात मला सगळं आरोग्यशास्त्र दिसतं. सुईसोबत स्वच्छ पाणी आलं तेव्हा कॉलरा हटला.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी सोलापूरकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. धोका ठरवायची सवय लागली की ती रोगावर थांबत नाही. १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आमच्या शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली, हजेरी लागायची, गिरणीत कामाला जायचं आणि परत कुंपणात. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. पाळण्यातलं पोर जन्मताच धोका! देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, कुंपण गेलं, नाव राहिलं. शिक्का पुसायला शिक्का मारण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

दुसरी १९३० ची. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, आणि ८ मे रोजी आमच्याच बाजूला, रूपाभवानीच्या परिसरात, जमावावर गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. शहर पेटलं, चौकी जळाली, पोलिसही मारले गेले. अधिकाऱ्यांनी गोऱ्या कुटुंबांना हलवलं, चार दिवस शहर लोकांच्या हातात राहिलं, आणि १२ मे ला लष्करी कायदा पुकारला. त्या कायद्यात तिरंगा हा धोका होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' या पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्म्यांचे पुतळे ज्या चौकात आहेत तिथून मी रोज जातो. राज्याच्या सुरक्षिततेच्या त्या यादीत एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान एका ओळीत बसले. धोका म्हणून का होईना, सरकारनं आम्हाला एकत्र मोजलं.

आणि मग २०२०. १३ मार्चला महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू झाला, तोच, १८९७ चा, चार कलमांचा. दादीच्या वडिलांना गाडीतून उतरवणारा कायदा माझ्या दारात आला तेव्हा मला आधी हसूच आलं. एप्रिलमध्ये सोलापुरात पहिला रुग्ण सापडला, आणि पाहता पाहता आमच्या पेठेत गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागले. विडी वळणाऱ्या बायांना पानं मिळेनात, माग बंद पडले. ज्यांच्या घरात दिवसाच्या कमाईवर संध्याकाळची भाकरी, त्यांनी घरात बसायचं. रोग मोठा की भूक, हा १८९७ चा हिशेब पुन्हा आला, आणि पुन्हा तो कुणी नीट मांडून दाखवला नाही.

त्याच दिवसांत दिल्लीतल्या एका धार्मिक मेळाव्याची बातमी देशभर गाजत होती. माझा एक जुना स्नेही, कविसंमेलनात माझ्या शेजारी बसणारा, त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "तुमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं ना तिकडं?" प्रश्न काळजीचा होता, मला ठाऊक आहे. पण तीस वर्षं तो मला तू म्हणत आलेला, आणि त्या दिवशी मी अचानक 'तुमच्यापैकी' झालो. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं स्पष्ट म्हटलं. मी ती बातमी कापून ठेवली. स्नेह्याला दाखवली नाही. त्याच फोनच्या दिवशी संध्याकाळी आक्कांचा नातू पत्र्याच्या फटीतून बाहेर पडून माझ्या अम्मीची रक्तदाबाची औषधं घेऊन आला होता, तेही मी स्नेह्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आम्ही काय काय केलं त्या दिवसांत! दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या. नोटांना इस्त्री केली. रस्त्यांवर औषधाचे फवारे मारले गेले, तसे १८९६ मध्ये गटारांत ओतले होते तसेच. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भाईजान म्हणायचो, जून संपता संपता पुन्हा मागावर जाऊ लागला. दारात हात धुवायचा, चप्पल बाहेर काढायचा, सगळे नियम पाळायचा. मागाच्या शेडच्या खिडक्या मात्र बंद. हवेत ओल राहिली की सूत तुटत नाही, म्हणून खिडक्या बंद ठेवायची आमच्याकडची जुनी रीत. त्या बंद हवेत दहा-बारा माणसं आठ-आठ तास. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट शब्दांत मान्य केलं २०२१ च्या एप्रिलअखेरीस. भाईजान जुलै २०२० मध्ये गेला. अठ्ठावन्न वर्षांचा. दुधाच्या पिशव्या धुवायला मीच त्याला शिकवलं होतं. खिडकी उघड, असं मी म्हणालो नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. जनाज्याला आम्ही मोजके लोक होतो, अंगभर प्लास्टिक घातलेले. दादीचं वाक्य मला कब्रस्तानातून परतताना आठवलं.

त्या वर्षी अम्मी आणि भाईजान दोघांचीही नावं हजच्या सोडतीत निघाली होती. जूनमध्ये कळलं की भारतातून कुणीच जाणार नाही, पैसे परत मिळतील. ३० जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसनं पंढरपूरला गेल्या, प्रत्येक पालखीबरोबर मोजकी वीस माणसं. १ जुलैची आषाढी वाळवंट रिकामं ठेवून झाली. १ ऑगस्टला आमची बकरी ईद, आणि त्याआधी काबागृहाभोवती पंचवीस लाखांच्या जागी हजारभर माणसं, एकमेकांपासून अंतर ठेवून फिरणारी. टीव्हीवर आधी ती बस पाहून आक्का रडल्या, मग तो मोकळा चौक पाहून अम्मी रडली. दोघींच्यामध्ये आमची सामाईक भिंत होती. या वेळचा निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. माणसं अडवायची तर अशी, यात्रेकरूंना आधी सांगून, त्यांच्या धर्मातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन, आणि पादुकांना वाट ठेवून.

२०२२ मध्ये हज पुन्हा खुला झाला तो पासष्टच्या आतल्यांसाठी. अम्मी चौऱ्याहत्तरची. ती म्हणाली, "माझ्या वयाचा धोका त्यांना, की त्यांचा मला?" मला उत्तर आलं नाही. २०२३ ला वयाची अट उठली आणि तिनं कुणाला न विचारता अर्ज भरला. मेंदूज्वराची लस टोचून घ्यायला मी तिला घेऊन गेलो. टोचणाऱ्या सिस्टर पंढरपूरकडच्या होत्या, आषाढीला वाळवंटात ड्युटी केलेल्या. त्यांनी कार्डावर शिक्का मारला, अम्मीच्या दंडावर कापूस दाबून धरला आणि म्हणाल्या, "आजी, दोन दिवस हात दुखेल बघा, पाणी भरपूर प्या."

अम्मी जाऊन आली. येताना तिनं झमझमच्या पाण्याच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या होत्या, एक आक्कांसाठी. दुसरी तिनं भाईजानच्या शेडवर नेली. तिथं आता एक खिडकी उघडी असते. सूत तुटतं म्हणून मागवाले कुरकुरतात.